मुलीला सायकॉलॉजिस्टकडे न्यायची वेळ आलीय हे नक्की कसं ओळखायचं?

नाशिकची_मृणाल

नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको करत होते, शेवटी आज लिहितेय. मुलगी ८ वर्षांची, तिसरीत. मुळात बडबडी, गॅदरिंगला नाव द्यायला पहिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखतं, रोज म्हणजे रोज, सव्वासहाला उठवलं की आधी हात पोटावर. दोनदा रिक्षात उलटी झाली. रविवारी दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी दप्तर भरायला घेतलं की परत सुरू. आता दीड महिना होत आला. आमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आलो, लघवी, रक्त, सोनोग्राफी सगळं नॉर्मल, जंताचं औषध पण झालं, शेवटी ते म्हणाले एकदा चाइल्ड सायकॉलॉजिस्टला दाखवून घ्या. तेव्हापासून मला काही सुचेनासंच झालंय.

परवा इस्त्री करताना बघितलं तर युनिफॉर्मची कॉलर डाव्या बाजूने चावून चावून पार दोरे निघालेत. मधल्या सुट्टीत बाईंचा मोबाईल मागून घरी फोन करते. रात्री आमच्याकडे झोपत नाही, आजीजवळच झोपायचं असतं. अभ्यासात मात्र घसरलेली नाही, युनिट टेस्टला मार्क चांगले आहेत, म्हणून यांचं म्हणणं की मार्क बरे आहेत म्हणजे पोरगी ठीक आहे, उगाच तिच्या डोक्यात भरवू नकोस. सासूबाई मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतात. त्या आता बऱ्या आहेत, दिवाळीत बाथरूममध्ये पडल्या होत्या, घरात ही एकटीच होती पण हिने धावत जाऊन शेजारच्या काकूंना बोलावलं, सगळ्यांनी केवढं कौतुक केलं तिचं.

तर अजून किती दिवस वाट बघायची? शाळेत कळलं तर शिक्का बसेल का? आणि तिला काय सांगून न्यायचं?

साताऱ्याचे_काका

ताई, घाबरून जाऊ नका. आम्ही पाच भावंडं, शाळेच्या नावाने रडलो नाही असा एकही जण नाही, आणि सगळे मार्गी लागलो. माझं प्रामाणिक मत सांगतो, आधी घरच्या माणसांनी वेळ द्यावा. रोज अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून तिच्याजवळ बसा, काही विचारू नका, नुसतं बसा. आणि शाळेत कोणी चिडवतंय का, कोणी हात उगारतंय का, रिक्षात काही होतंय का हे आधी शोधून काढा. परक्या माणसासमोर एवढीशी पोर काय बोलणार?

वऱ्हाडातली_आई

काका, मी पण अगदी हेच म्हणत होते, म्हणून मुद्दाम लिहिते. माझा मुलगा १० वर्षांचा होता. आधी क्रिकेटसाठी जेवण सोडायचा, मग हळूहळू खाली जाणंच बंद झालं, मित्र बेल वाजवायचे तर मला सांगायला लावायचा की झोपलाय म्हणून. मार्क छान. पाहुणे म्हणायचे किती शांत झाला, शहाणा झाला, आणि मलाही बरंच वाटायचं हो ते ऐकून! एक दिवस बाल्कनी झाडताना त्याची बॅट दिसली, हँडलपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं धरलेलं. तिथेच खाली बसले मी. ज्या बॅटला तो दर रविवारी तेल लावायचा ती किती महिने तशीच पडली होती ते मला आईला कळलं नव्हतं.

तरी त्यानंतर सुद्धा चार महिने घालवले, परीक्षा होऊ दे, उन्हाळा होऊ दे करत. ते चार महिने मला अजून टोचतात. पहिल्या भेटीला सायकॉलॉजिस्ट बाईंनी आम्हा दोघा आईबाबांनाच बोलावलं होतं, जन्मापासूनचं सगळं विचारलं, झोप, जेवण, घरातली भांडणं, कोण गेलं कोण आलं. नंतर त्याच्याशी पत्ते खेळत, चित्रं काढत बोलल्या त्या. आमचे एका वेळचे ८०० रुपये होते, आठवड्याला एकदा, साधारण सात महिने. गोळी एकही नाही. अन् काका, परक्या माणसापाशीच बोलला तो, कारण आम्हाला सांगितलं तर आई रडेल अशी भीती होती त्याला.

शाळेत_समुपदेशक

मृणाल, मी १४ वर्षं शाळेत मुलांसोबत काम करतेय. तुमच्या पोस्टमधली आजी पडल्याची ओळ मी दोनदा वाचली. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय, पण बघा, आजी दिवाळीत पडल्या, पोट दिवाळीनंतर दुखायला लागलं, झोपायचं आजीजवळ, आणि मधल्या सुट्टीतला फोनही घरीच. मी तिला पाहिलेलं नाही, त्यामुळे हेच कारण असं म्हणणार नाही, पण भेटायला जाल तेव्हा ही गोष्ट सगळ्यात आधी सांगा. आपण कौतुक करतो, शूर आहेस म्हणतो, आणि त्या क्षणी ती केवढी घाबरली होती हे विचारायचंच राहून जातं.

पोट खरंच दुखतंय हं. परीक्षेच्या सकाळी आपल्या पोटात कसं ढवळून यायचं, तसंच ते, त्यामुळे नाटक करतेस असं कोणालाही म्हणू देऊ नका. पण म्हणून घरीही ठेवू नका, घरी राहिलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड होते. फारच झालं तर बाईंशी बोलून काही दिवस अर्धी शाळा चालेल, पण उंबरठा ओलांडायचाच. काका म्हणतात तसं शाळेत कोणी त्रास देत नाहीये ना हे मात्र आधी बघाच, तसं असेल तर तिला नुसतं पाठवत राहणं हा अन्याय होईल.

किती वाट बघायची हे मला पालक नेहमी विचारतात. मी मूल इतर मुलांशी ताडून बघत नाही, त्याच्या आधीच्या स्वतःशी बघते. काय बदललं, किती आठवडे झाले, आणि त्यापायी त्याचं काय काय सुटलं, झोप, खाणं, खेळ, मैत्रिणी, शाळा. मार्क सगळ्यात शेवटी घसरतात, काहींचे तर घसरतच नाहीत. वयही बघायचं, तीन वर्षांचं मूल बालवाडीच्या दारात रडणारच, पण आठ वर्षांची, आधी हसत जाणारी मुलगी नव्याने असं करायला लागली तर ते वेगळं. अंथरूण ओलं होणं पाच वर्षांच्या आत कोणी आजार म्हणत नाही, पण सहा-आठ महिने कोरडं राहिलेलं मूल परत सुरू झालं तर आधी लघवी तपासायची आणि मग मनाकडे बघायचं. घरी बडबड आणि शाळेत अवाक्षर नाही हे नव्या शाळेत पहिला महिना चालतं, पुढे दाखवावं. मोठ्या मुलांत उदासी रडण्यातून कमी दिसते आणि चिडचिडीतून जास्त, तिथे घरोघरी फसतात. जवळच्यांपासून दूर जायच्या भीतीत आम्ही साधारण चार आठवड्यांचा काळ धरतो, तुमचा तो उलटून गेलाय.

आणि एक दिवसही थांबायचं नाही अशा गोष्टी आहेत, मूल मरायचं बोलतंय, स्वतःला इजा करतंय, खाणं तोडलंय, किंवा एका ठराविक माणसाला अचानक घाबरायला लागलंय. मरण्याबद्दल सरळ विचारावं, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मुलाला वाटतं की हे बोललं तर चालतं.

कोणाकडे जायचं तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी नंबर विचारा, त्यात संकोच करू नका. औषधं ते देत नाहीत, ती सायकिअ‍ॅट्रिस्ट देतात आणि लागली तरच. शाळेला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. तिला साधं सांगा, तुझं पोट रोज दुखतं, तुला त्रास होतो ते आम्हाला दिसतंय, मुलांना भीती वाटते तेव्हा मदत करणाऱ्या एक ताई आहेत, तिथे सुई नाही. फिरायला जायचंय सांगून नेऊ नका, पुढचा विश्वास जातो.

चिपळूणचा_बाबा

वरचं सगळं पटलं, फक्त ज्यांना दर आठवड्याला पैसे जमत नाहीत त्यांच्यासाठी लिहितो, कारण आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. सिव्हिल हॉस्पिटलला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. माझ्या मुलाला वाचायला जड जातं हे आम्ही आळस समजत होतो, तिथे कळलं अध्ययन अक्षमता आहे. नंबर लागायला वेळ गेला, दोन खेपा वाया गेल्या, पण तपासणी नीट झाली. आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो, मी एकदा रात्री साडेअकराला केला होता. मुलाला कोणाकडून धोका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

नाशिकची_मृणाल

सगळ्यांचे खूप आभार. समुपदेशक ताई, तुमचं वाचून काल रात्री दिवा बंद केल्यावर तिला एवढंच विचारलं की आजी पडली तेव्हा तुला काय वाटलं होतं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी शाळेत गेले की तू पण ऑफिसला जातेस, बाबा पण, मग आजी पडली तर काकूंना कोण बोलावणार?" रात्री उठून ती आजीच्या नाकाखाली बोट धरून बघते, श्वास चालू आहे का ते. सासूबाईंना हे माहीत होतं, त्यांना वाटायचं नात लाड करतेय.

हे बाहेरच्या खोलीतून ऐकत होते. आज सकाळी त्यांनीच फोन करून अपॉइंटमेंट घेतली, गुरुवारी चारला, आधी आम्ही दोघंच. काकूंशीही बोलले, त्या आता रोज दहाला येऊन सासूबाईंजवळ चहा घेणार आहेत आणि मुलीला ते सांगितलंय. तरी आज पोट दुखलंच, पण रिक्षात बसली.

एक विचारायचं राहिलं, तिची चित्रांची वही आहे, दिवाळीपासून प्रत्येक चित्रात घराचं दार उघडं काढलंय. ती पहिल्याच भेटीत नेऊ का, आणि नेताना तिला विचारून नेऊ ना?