मदत हवी आहे: जंगलातला हा कावळा डोमकावळाच ना?

नमस्कार मंडळी,

दाट पानगळीच्या जंगलात कावळ्यांची एक जोडी मला वरचेवर दिसते आहे. डोमकावळाच असावा असं वाटतं, पण नोंद करायच्या आधी जाणकारांकडून खात्री करून घ्यायची आहे. जंगलाला लागून वस्ती आहे. तिथले गावकावळे आत येत असतील, ही शंका काही केल्या जात नाही.

अंगावर राखाडी रंग कुठेच दिसला नाही. पण झाडांच्या सावलीत गावकावळ्याची मानही काळपट भासते, म्हणून मी चोचीकडे जास्त लक्ष दिलं. चोच चांगलीच जाड आहे, वरची कड ठळक वाकलेली, आणि कपाळ चोचीपासून एकदम उभं चढतं. उडताना शेपटीचं टोक गोलसर दिसतं. आवाज घोगरा आणि खालच्या पट्टीतला, गावकावळ्यासारखा चिरका नाही.

दोघं बहुतेक वेळ झाडाच्या शेंड्याजवळ गुपचूप फिरतात. थवा कधीच नसतो. छोट्या पक्ष्यांची घरटी धुंडाळताना दिसले, तेव्हा कोतवाल पक्ष्याने त्यांना लांबपर्यंत पिटाळलं. एकदा त्यातल्या एकाने मांसाचा तुकडा सालीच्या फटीत खुपसला आणि वर पान ओढून ठेवलं.

आता खरी अडचण. त्याच झाडाखाली दोन पिसं सापडली (फोटो काढून, मोजून तिथेच ठेवली). एक लांब, काळं, निळसर जांभळी झाक असलेलं. दांड्याच्या एका बाजूची पाती अरुंद. दुसरं छोटं, मऊ. त्याचं टोक काळं आहे, पण बुडाकडचा अर्धा भाग राखाडी. हे राखाडी बूड गावकावळ्याचं लक्षण मानायचं का? नुसत्या पिसांवरून दोघांत फरक करता येतो का?

उत्तर १

राखाडी बुडाने गोंधळू नका. अंगावरच्या पिसांचा तो भाग पुढच्या पिसांखाली झाकलेला असतो आणि काळ्या कावळ्यांतही तो फिकट असू शकतो. बघायचं ते टोक. गावकावळ्याच्या मानेचं किंवा छातीचं पीस टोकापर्यंत राखाडी असतं. तुमचं टोक काळं आहे, म्हणजे ते डोमकावळ्याचं असू शकतं. पण गावकावळ्याच्या पाठीवरची पिसंही काळीच असतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येणार नाही.

लांब पीस तर आणखी कमी बोलतं. एक पाती अरुंद, म्हणजे ते पंखाच्या टोकाकडचं उड्डाणपीस. कावळ्याच्या प्रत्येक पंखाला अशी दहा असतात आणि शेपटीला बारा पिसं. गावकावळ्याचे पंख आणि शेपूटही काळीच चमकदार असतात, आणि लांबी सांगितली तरी दोघांची मापं एकमेकांत मिसळतात. नर कोकिळाचं पीसही काळं चमकदार असतं, तेवढी शक्यता मनात असू द्या. जुनी पिसं उन्हाने तपकिरी पडतात, म्हणून रंगाच्या छटेवरही विसंबू नका.

माझं मत विचाराल तर पिसं बाजूला ठेवा. तुम्ही केलेलं चोच, कपाळ आणि आवाजाचं वर्णन त्यांच्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

उत्तर २

मलाही डोमकावळाच वाटतो. गावकावळा माणसाच्या आधाराने जगतो. वस्तीपासून दूर, दाट रानात जोडी कायम वावरत असेल तर तो असण्याची शक्यता कमी. उलट डोमकावळा गावातही येतो, म्हणून नुसत्या जागेवरून ठरवू नये, एवढं मात्र खरं.

रॅव्हनची, म्हणजे त्याहून मोठ्या काळ्या कावळ्याची शंका असेल तर ती सोडून द्या. तो आपल्याकडे वायव्येच्या कोरड्या मुलखात आणि हिमालयात असतो, आकाराने साठ सेंटिमीटरच्या आसपास, गळ्याशी लोंबती पिसं आणि शेपटीचं टोक पाचरीसारखं.

शास्त्रीय नाव लिहिताना एक लक्षात ठेवा. दख्खनमधल्या पक्ष्यांवरून कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये या कावळ्याला कॉर्व्हस कल्मिनेटस हे नाव दिलं. पुढे बराच काळ तो कॉर्व्हस मॅक्रोऱ्हिंकसची उपजात मानला गेला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तेच नाव सापडेल.

डोमकावळे मेलेल्या जनावरावर लगेच जमतात. वाघ-बिबट्याची शिकार कुठे पडली आहे हे त्यांच्या गलक्यावरून कळतं. असा गलका ऐकू आला तर जवळ जाऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पिसाचं टोक पाहायचं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आणखी एक विचारतो. काल जोडीतला एक काटक्या घेऊन उंच दुबेळक्याकडे जाताना दिसला. कोकिळा डोमकावळ्याच्या घरट्यातही अंडी घालते हे वाचलं आहे. घरट्याला त्रास न देता ते टिपायचं तर किती लांबून आणि कोणत्या वेळी बघावं?

उत्तर १

सकाळी लवकर, आणि जोडी तुमच्याकडे बघून ओरडायला लागली तर तेवढ्या अंतरापासून मागे सरा. नर कोकिळ घरट्याजवळ वारंवार ओरडू लागला आणि कावळे त्याच्या मागे लागले, की मादीकडे लक्ष ठेवा; ती ठिपकेदार तपकिरी असते आणि फांद्यांत सहज लपते. घरट्याखाली मात्र जाऊ नका.