गिटहबवर रिपॉझिटरीचं (प्रोजेक्टच्या ऑनलाइन फोल्डरचं) नाव मराठीत घेत नाही, मग ठेवायचं काय?

खानापूरवाला: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांच्या नावांची मराठी-कन्नड यादी पाचजण मिळून टाकतोय. ‘गावांची नावं’ असं देवनागरीत लिहिलं की नुसत्या रेघा येतात. रोमनमध्ये लिहायचं तर बेळगावचं स्पेलिंग जुनं की नवं?

चिकोडी_लिनक्स: रेघा येणारच. नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे, हायफन, अंडरस्कोर आणि टिंब चालतं, तेही १०० अक्षरांपर्यंत. बाकी सगळ्याचं हायफन होतं. मराठी नाव डिस्क्रिप्शनमध्ये घाला, सर्चमध्ये तेही धरलं जातं.

स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं सरकारी, म्हणजे ‘बेळगावी’चं घ्या आणि शेवटी ‘जी-ए-यू-एम’ असलेलं जुनं टॉपिकमध्ये, म्हणजे रिपॉझिटरीला जोडायच्या विषय-शब्दांत टाका. टॉपिक २० पर्यंत देता येतात. बोलताना बेळगावच म्हणा की, कोण अडवतंय! इथं प्रश्न सापडण्याचा आहे.

नुसतं ‘खानापूर’ मात्र ठेवू नका. तालुका सांगलीतही आहे, विट्याचा. जिल्हा-तालुका-विषय असा क्रम लावा, म्हणजे यादीत एका जिल्ह्याची सगळी एकाखाली एक येतात.

टिळकवाडी: अक्षरं सगळी स्मॉल ठेवा. गिटहबला कॅपिटल-स्मॉल एकच, पण क्लोन केल्यावर (आपल्या मशीनवर प्रत उतरवल्यावर) लिनक्सवर ती दोन वेगळी फोल्डर. पायथनचा कोड असेल तर रिपॉझिटरीला हायफन चालेल, आतल्या पॅकेजच्या फोल्डरला अंडरस्कोरच, कारण इम्पोर्टच्या ओळीत हायफन म्हणजे वजाबाकी. ‘फायनल’, ‘न्यू’, ‘व्ही-२’ नावात नकोत, आवृत्तीची खूण करायला टॅग आहेत.

खानापूरवाला: एक रिपॉझिटरी ‘डेटा-न्यू-फायनल’ नावानं आधीच चढलीय. आता बदललं तर बाकी चौघांचं अडेल?

चिकोडी_लिनक्स: लगेच नाही. सेटिंग्जमध्ये जनरलखाली रीनेम करा, जुना पत्ता नव्याकडे वळतो. पण त्याच खात्यात जुन्या नावानं दुसरी रिपॉझिटरी काढलीत की ते वळणं बंद. गिटहब पेजेसवर, म्हणजे रिपॉझिटरीतूनच चालणारी साइट असेल तर तिचा पत्ता वळतच नाही, छापलेल्या क्यूआर कोडसकट मोडतो. पाचहीजणांनी ‘गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन’ आणि पुढं नवा पत्ता असं चालवून ‘गिट रिमोट -व्ही’नं बघून घ्या.

टिळकवाडी: आतल्या फायलींची नावं देवनागरीत चालतात. गिट स्टेटसमध्ये तिरक्या रेघा आणि आकडे दिसले तर फाईल बिघडलेली नसते. ‘गिट कॉन्फिग’नं कोअर.क्वोटपाथ ‘फॉल्स’ करा, अक्षरं दिसतील.