मदत हवी आहे: २०१७ अंडर-१७ वर्ल्डकप, भारत–कोलंबिया, ८२ ते ८३ मिनिटं

९ ऑक्टोबर २०१७, दिल्लीचं नेहरू स्टेडियम. ८२व्या मिनिटाला स्टालिनचा कॉर्नर, जिक्सनचं हेडर, १-१. फिफा स्पर्धेतला भारताचा पहिलाच गोल. आणि लगेच ८३व्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोसाचा दुसरा गोल, १-२.

अंडर-१५ मुलांना शिकवायला हाच तुकडा हवाय: आपल्या गोलनंतरच्या किकऑफपासून त्यांच्या गोलपर्यंत, दर पाच सेकंदांना एक फ्रेम, फळ्यावर गोलकीपर सोडून आपल्या दहाही खेळाडूंच्या जागा. अडचण अशी की टीव्हीवर गोलनंतर जल्लोष नि रिप्ले चालतात. कॅमेरा परत येईस्तोवर बॉल पुढे गेलेला असतो. हायलाइट्स त्यामुळे बिनकामाचे. वरून, अख्खं मैदान दिसेल असं फुटेज कुणाकडे आहे का?

जाणकारांनी हेही सांगा: किकऑफच्या वेळी आपली बॅकलाइन (बचावफळी) आपल्या पेनल्टी बॉक्सपासून किती पुढे होती? पेन्यालोसाला कोणी मार्क करायचं होतं? ‘मुलं हुरळली’ हे उत्तर नको, ते सगळ्यांनी ऐकलंय. जागा कुठे मोकळी पडली ते हवंय.

ग्रुपचा तक्ता तयार आहे. घाना, कोलंबिया, अमेरिका तिघांचे ६ गुण. कोलंबिया नि अमेरिकेचा गोलफरकही सारखाच, +२. आपले गुण शून्य.