सीओपीडी असलेल्या बाबांना घेऊन छोट्या शहरात राहायला जावं का?

निवांत_७
बाबांचं वय ७४, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, इनहेलर चालू, गेल्या वर्षभरात दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलं. मला आता घरून काम करता येतं म्हणून मोठं शहर सोडून लाखभर वस्तीच्या एका शहरात जायचं डोक्यात घोळतंय. मागच्या आठवड्यात दोन दिवस राहून आलो, सकाळी गच्चीवरून लांबचे डोंगर स्पष्ट दिसत होते, इकडे समोरची बिल्डिंग धूसर दिसते. एरवी एका जिन्यात दम लागणारे बाबा तिथे दोन जिने चढले, आता ते हवेमुळे की उत्साहामुळे देव जाणे. बायको म्हणते हवा छान आहे मान्य, पण रात्री २ ला धाप लागली तर नेणार कुठे? तिचंही चूक नाही. असं कुणी केलंय का, काय बघून ठरवलंत?

धूळवाला
डोंगर दिसले म्हणजे हवा चांगली असं समजून मीपण फसलोय. पाऊस पडून गेला की कुठलंही शहर धुतल्यासारखं दिसतं, खरी परीक्षा थंडीत. रात्री जमीन गार होते, वर कोमट हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि दिवसभराचा सगळा धूर खालीच कोंडतो. आणि फोनवरचा आकडा बघून ठरवू नका, छोट्या शहरात मोजणारं स्टेशन एखादंच असतं, कधीकधी नसतंच, मग अ‍ॅप आपलं अंदाजाने दाखवतं.

मी एक छोटा सेन्सर घेऊन बाल्कनीत लावला. दिवसभर पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण, घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये) पंधरा-वीसच्या आसपास, आणि संध्याकाळी साडेसातला थेट १४०. तीन दिवस मला वाटलं मशीनच बिघडलंय, चौथ्या दिवशी त्या वेळेला खाली उतरलो तर मागच्या मोकळ्या प्लॉटवर रोज कचरा पेटवत होते! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची मर्यादा १० वरून ५ वर आणली, २४ तासांची १५ आहे. तर शहराची सरासरी काय असायची ती असो, तुमच्या बाबांच्या खिडकीबाहेर काय जळतंय ते बघा. हां, धुकं असताना सेन्सरवर विश्वास ठेवू नका, तो लेझरने कण मोजतो आणि पाण्याचे थेंबही धूळ म्हणून धरतो.

रात्रपाळी
आयसीयूत नर्स आहे म्हणून लिहिते. वहिनींचा प्रश्न अगदी बरोबर आहे पण "हॉस्पिटल आहे का" असं विचारू नका, मल्टिस्पेशालिटीची पाटी सगळीकडेच असते. विचारायचं ते हे, की रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) लावणारं कोण असतं? सीओपीडीच्या पेशंटचा त्रास वाढल्यावर नुसता ऑक्सिजन फुल सोडला ना तर काहींच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस पेंगायला लागतो आणि घरच्यांना वाटतं चला, आराम पडला. अशा पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण ८८ ते ९२ टक्के ठेवतात, ९९ बघून खूश व्हायचं नसतं. मग एबीजी (रक्तातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड मोजायची तपासणी) होते का, आणि होत असेल तर रात्री होते का. मी एके ठिकाणी बायपॅपचं मशीन बघितलंय, नवंकोरं, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, कारण चालवणारा फक्त दिवसा यायचा.

एकदा रात्री ११ ला स्वतः कॅज्युअल्टीत जाऊन या. वॉचमनला विचारा, रिसेप्शनपेक्षा तो खरं सांगतो. वय बघता सीटी स्कॅन रात्री चालू असतं का तेही विचारा, स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासच मिळतात.

आम्ही_परत_आलो
आम्ही वर्षभर राहून परत आलो. हवा खरंच चांगली होती, आईचा खोकला निम्म्यावर आला होता. पण छातीचे डॉक्टर महिन्यातून दोनदा यायचे आणि आईला त्रास व्हायचा तो नेमका ते नसताना. घाबरवत नाहीये, झालं ते सांगतेय.

इन्व्हर्टर
लाईट किती जाते हे कुणी विचारलंच नाही. उद्या घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन) लागला तर तो विजेवर चालतो, आणि घरचा ऑक्सिजन एकदा लिहून दिला की दिवसाचे किमान १५ तास घ्यायचा असतो. भरलेला सिलिंडर घरात पाहिजेच.

निवांत_७
सगळ्यांचे आभार. @रात्रपाळी ताई, काल खरंच रात्री जाऊन आलो. वॉचमन म्हणाला श्वासाचं मशीन आहे, लावणारे सर जवळच राहतात, फोन केला की वीस मिनिटांत येतात, पण सीटीवाला ८ ला घरी जातो. म्हणजे निम्मं उत्तर मिळालं. इथला फ्लॅट सोडत नाही, थंडीचे दोन महिने तिथे भाड्याने राहून बघतो, सेन्सर मागवलाय. घरमालकाला कचरा कुठे जाळतात विचारलं तर माझ्याकडे विचित्र बघत होता. घर पसंत पडलंय, फक्त तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे अजून बायकोला सांगितलेलं नाही.