शब्दचर्चा : जॅझ गायनातला 'कोरस' म्हणजे आवर्तन का?

काळी_दोन :
जॅझ गायिकेच्या मैफलीच्या वर्णनात असं वाक्य आहे : 'गायिकेने तालवाद्यांच्या साथीवर दोन कोरस स्कॅट केले, ड्रमरशी फोर्स ट्रेड केले आणि हेडवर परत येऊन टॅगने गाणे संपवले.' मराठी वाचकाला कोरस म्हटलं की मागे उभे राहून गाणारे चार जण आठवतात. इथे तर गायिका एकटी आहे. 'आवर्तन' म्हटलेलं चालेल का?

मध्यलय :
चालेल, आणि इतर कुठल्याही शब्दापेक्षा चांगलं चालेल. जॅझमध्ये कोरस म्हणजे गाण्याचा अख्खा साचा एकदा फिरून पुन्हा सुरुवातीला येणं. जुन्या गाण्यांपैकी बऱ्याच गाण्यांचा साचा ३२ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा गट) असतो : आठ-आठ बारांचे चार तुकडे, पहिला, दुसरा आणि चौथा एका चालीचे, तिसरा वेगळा. या तिसऱ्याला ब्रिज म्हणतात. बारला चार मात्रा धरल्या तर एक कोरस १२८ मात्रांचा, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं. ब्लूज या गीतप्रकाराचा नेहमीचा साचा १२ बारांचा, ४८ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ३२ बारांचा कोरस ६४ सेकंदांत संपतो. ६०च्या लयीत त्याला दोन मिनिटांहून जास्त लागतात, त्यामुळे संथ गाण्यात एका वाद्याने अर्धाच कोरस वाजवायचा आणि गायिकेने थेट ब्रिजपासून गाण्यात शिरायचं, अशी पद्धत आहे. समीक्षेत 'दोन कोरस' वाचताना हा हिशोब ध्यानात हवा.

एक फरक लिहाच. तीनतालात आपण कुठे आहोत ते ठेका सांगतो. इथे ते कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, क्रमावरून ओळखायचं असतं. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा जवळजवळ सारखे, त्यामुळे एका आवर्तनाचा शेवटचा तुकडा आणि पुढच्याचे पहिले दोन मिळून एकसारखे तीन तुकडे लागोपाठ येतात. स्कॅट करताना, म्हणजे निरर्थक अक्षरांवर आयत्या वेळी चाल रचून गाताना, वाट चुकते ती इथेच : या तिघांतला दुसरा तुकडा चालू असताना तो तिघांतला शेवटचा वाटला की ब्रिज आठ बार आधी सुरू होतो आणि सूर कॉर्डशी भांडायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे तोंडाने स्कॅट चालू असताना मनात मूळ गाण्याचे शब्द चालू ठेवणं. ब्रिजच्या तोंडाशी ड्रमर बहुधा छोटा भरणा देतो, तोही कानात ठेवायचा.

पाटीपेन्सिल :
आवर्तनाला अनुमोदन. पण 'तालवाद्ये' काढून टाका. मूळ शब्द रिदम सेक्शन, आणि त्यात ड्रम्सबरोबर डबल बास आणि पियानो किंवा गिटारही येतात. 'तालवाद्ये' वाचून लोक पियानोला बाहेर काढतील. 'वाद्यवृंद'ही नको, तीन-चार वाद्यांना तो फार मोठा होतो. सगळ्यांना मिळून 'वाद्यमेळ' म्हणा, पण रिदम सेक्शन तसाच ठेवा.

काळी_दोन :
पियानोच्या कामाला 'साथ' म्हणायला हरकत नाही ना?

पाटीपेन्सिल :
नाही, फक्त एक ओळ खुलासा जोडा. आपल्याकडे हार्मोनियमवाला गायकाच्या मागोमाग तीच स्वरवाक्यं वाजवतो. जॅझच्या पियानोवाल्याने, गाणं चालू असताना, चाल वाजवायची नसते. तो कॉर्डचे ठोके आडवेतिडवे पेरतो आणि शब्द थांबले की मोकळी जागा भरतो. यालाच कॉम्पिंग म्हणतात. त्याने चाल वाजवली तर गायिकेला शब्द पुढेमागे सरकवायला वाव उरत नाही. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे शब्द मात्रेच्या किंचित मागे सोडत. ते मागे राहणं कानाला कळतं, कारण खाली बास आणि ड्रम्स जागचे हलत नाहीत. साथीदार 'गायिका मागे पडली' असं समजून तिच्यासाठी थांबले, तर ती आणखी मागे जाते, ते आणखी थांबतात, आणि दोन आवर्तनांत लय पार बसते. आपल्या 'साथ' शब्दात गायकाच्या मागे जाणं गृहीत आहे, म्हणून खुलासा हवा. अपवाद गाण्याच्या आधीच्या व्हर्सचा, म्हणजे प्रस्तावनेच्या भागाचा. तो बहुधा मुक्त लयीत गातात, आणि तिथे पियानो खरोखरच गायिकेच्या श्वासाबरोबर चालतो.

उकारान्त :
स्कॅटला 'तराणा' लिहिलेलं वाचलं आहे. योग्य आहे का?

मध्यलय :
नाही. तराण्याची बंदिश बांधलेली असते, बोल ठरलेले असतात. स्कॅटमधले 'डू', 'बा', 'डी' त्या क्षणी सुचतात आणि वाद्याच्या आघातासारखे निवडलेले असतात. आलापातलं नोम-तोम त्या दृष्टीने जवळचं, पण ते तालाबाहेरचं. स्कॅट हाच शब्द ठेवा. १९२६च्या 'हीबी जीबीज' या ध्वनिमुद्रणाने ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग यांनी हा प्रकार लोकप्रिय केला, पण तो त्याआधीचा आहे. व्होकलीज मात्र वेगळं : त्यात वाद्यावर आधी कुणी एकट्याने वाजवलेल्या तुकड्यावर (सोलोवर) शब्द लिहून तेच गातात. मराठी लेखांत या दोहोंची सर्रास गल्लत होते.

फोर्स ट्रेड करणे म्हणजे चार-चार बारांचे सवाल-जवाब. चार बार म्हणजे १६ मात्रा, तीनतालाचं नेमकं एक आवर्तन. 'जुगलबंदी' नको, तो शब्द सबंध कार्यक्रमाला लागतो. ड्रमरच्या चार बारांत बहुधा पियानो-बास गप्प असतात, म्हणून गायिकेला मोजावंच लागतं. तिने शेवटचा स्वर लांबवला तर ड्रमरची सुरुवात झाकली जाते. सवाल-जवाब सुरू करायची खूण चार बोटं, मूळ चालीवर परतायची खूण डोक्यावर हात.

उकारान्त :
मग हेडला 'मुखडा'?

पाटीपेन्सिल :
मुखडा एका ओळीचा असतो, हेड म्हणजे गाण्याची सबंध चाल. 'मूळ चाल' म्हणा. टॅगलाही 'तिहाई' म्हणू नका. शेवटची ओळ तीनदा येते हे साम्य खरं, पण तिहाई हिशोबाने समेवर पडते. टॅगमध्ये गंमत कॉर्डची असते : पहिल्या दोन वेळा ओळ षड्जाच्या घरी पोचू न देता वेगळ्याच कॉर्डवर वळवतात, तिसऱ्यांदा घरी आणतात. कुणी दुसऱ्याच वेळेला घरचा कॉर्ड दिला, तर गायिका पुढे आणि वाद्यं थांबलेली, असा शेवट होतो.

काळी_दोन :
आता वाक्य असं : 'गायिकेने रिदम सेक्शनच्या साथीवर दोन आवर्तनं स्कॅट गायला, ड्रमरशी चार-चार बारांचे सवाल-जवाब केले, मग मूळ चालीवर परत येऊन शेवटची ओळ तीनदा घेत गाणं संपवलं.'

मध्यलय :
छान. 'तीनदा' लिहिण्याआधी ध्वनिमुद्रण ऐकून मोजा, टॅग कधी कधी जास्त वेळाही लांबवतात. आणि स्कॅट संपल्यावर गायिका सुरुवातीपासून आली की ब्रिजपासून, तेही पाहा. ब्रिजपासून आली असेल तर 'मूळ चालीच्या ब्रिजवर' असं लिहावं लागेल.