मदत हवी आहे: ट्रॅक रायडिंग स्कूलला पहिल्यांदाच जायचंय (नाशिकहून, आर १५ वर)

नमस्कार मंडळी,

मी इंदिरानगरची, वय ३६. पूर्वी स्कूटर होती, आता यामाहा आर १५ व्ही ३. रोज अंबड एमआयडीसीत जाणं-येणं, आणि सुट्टीला त्र्यंबक-पहिने नाहीतर वणीवरून सापुतारा. वेगाचं वेड नाही. शंभरच्या वर गेलं की मलाच कसंतरी होतं.

अडचण वळणांची आहे. त्यातही उजव्या. नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे चढताना डावी वळणं बरी जातात, पण उजवं वळण लांबलं की खांदे आखडतात, नजर डावीकडच्या कठड्यावर चिकटते आणि गाडी बरोब्बर तिकडेच सरकायला लागते. सोबतचे म्हणतात, "गाडी झोपव गं, टायर धरतो." टायर धरतो हे मलाही माहीत आहे, हातांना कोण सांगणार?

ट्रॅकवर शिकवणाऱ्या शाळांबद्दल बरेच दिवस वाचते आहे. एका बाजूची वाहतूक, समोरून एसटी नाही, वळणात वाळू नाही, चुकलं तर बाजूला मोकळी जागा. (सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे आपल्याकडचे निम्मे रस्ते तसेही ऑफरोड शाळाच झालेत.) रेस खेळायची नाही, फक्त वळण घ्यायला शिकायचंय. हे आईला समजावणं वेगळं प्रकरण आहे, तिच्या मते हेल्मेट घालून जिथे एवढी माणसं गोल फिरतात ती रेसच.

तर विचारायचं असं, की माझ्यासारखीने थेट जावं, की आधी इथेच काही सराव करून? १५५ सीसी घेऊन गेलं तर सगळ्यांच्या वाटेत येईन का? ट्रॅक कुठला निवडावा, चेन्नई, कोइंबतूर की दिल्लीकडचा? आणि पूर्ण लेदर सूट खरंच लागतो का? जाळीचं रायडिंग जॅकेट आणि गुडघ्याचे गार्ड आहेत माझ्याकडे. पडलं तर विम्याचं काय होतं, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

जुनी आरएक्स (प्रतिसाद)

ताई, थेट जा. शाळा शिकायलाच असते, आधी शिकून कशाला जायचं?

१५५ सीसीची लाज अजिबात बाळगू नका. उलट मोठी गाडी सरळ पट्ट्यात ताकदीवर वेळ भरून काढते आणि चालवणाऱ्याला वाटतं आपल्याला येतंय. लहान गाडीवर वळणात गमावलेला वेग परत मिळत नाही, म्हणून वळण नीट घ्यायला शिकावंच लागतं. गट वेगानुसार पाडतात. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक करण्याचे नियम कडक असतात, मागच्याने पुरेसं अंतर ठेवूनच पुढे जायचं. तुमचं काम एवढंच, की आपली रेषा, म्हणजे ट्रॅकवर आपण धरलेला मार्ग, सोडायची नाही. मागे कोण आलंय म्हणून घाबरून अचानक बाजूला सरकणं हेच सगळ्यात धोक्याचं.

दिवस साधारण असा जातो: सकाळी गाडीची आणि अंगावरच्या सामानाची तपासणी, मग झेंड्यांची माहिती. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, वेग कमी करून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत) परत. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळ्यावर नारिंगी गोळा दाखवला तर तुमच्याच गाडीत काहीतरी बिघडलंय. त्यानंतर थोडा वेळ वर्गात, वीसेक मिनिटं ट्रॅकवर, परत वर्गात, असं संध्याकाळपर्यंत.

अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोड यांनी १९८० मध्ये सुरू केलेली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल भारतातही येते, चेन्नईच्या ट्रॅकवर. त्यांच्या पहिल्या पातळीचे पाच धडे ऐका म्हणजे अंदाज येईल: थ्रॉटलवर (अ‍ॅक्सिलरेटरवर) ताबा, वळायला सुरुवात कुठे करायची तो बिंदू, गाडी झटकन झुकवणं, हँडलवर विनाकारण जोर न देणं, आणि वळण दोन टप्प्यांत बघणं. वळणात गुडघा रस्त्याला घासण्याचा यात कुठे उल्लेख आहे का बघा. पहिल्या सत्रात तर एकच गिअर ठेवून, ब्रेक न लावता फिरवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण ब्रेक नाही म्हटल्यावर माणूस आपोआप वेग आधीच जोखायला शिकतो.

तुमच्या उजव्या वळणाबद्दल. गाडीने थोडा वेग घेतला की ती वळते काउंटर स्टिअरिंगने, म्हणजे उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं. तुमचे खांदे आखडले की दोन्ही हात हँडल घट्ट धरतात, उजवा ढकलतो आणि डावा त्याला अडवतो. गाडी बिचारी काय करणार! त्यात नजर कठड्यावर. कोपर सैल आणि हनुवटी वळणाच्या शेवटाकडे, एवढं सुधारलं तरी सापुताऱ्याच्या रस्त्यावर फरक पडेल. मात्र हे वाचून येत नाही, मागून कुणीतरी येऊन "आत्ता परत आखडलात" असं सांगावं लागतं. शाळेचे पैसे त्यासाठीच.

कठड्यापलीकडे

एवढा खर्च करून १३०० किलोमीटर जायचं आणि परत येऊन तेच खड्डे. त्या पैशात चांगले टायर घाला आणि घाटात हळू चालवा. वैयक्तिक मत.

जुनी आरएक्स

टायर तर घालाच. पण हळू चालवणाऱ्याचीही नजर कठड्यावर अडकते, त्यांनी वर तेच लिहिलंय.

ट्रॅकचं राहिलं होतं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरच्या वर आहे, त्यात एक सरळ पट्टा किलोमीटरभराचा. १५५ सीसीवर तिथे नुसतं थ्रॉटल पिळून बसावं लागतं, पैसे वाया. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आणि १२ वळणांचा, शाळा बऱ्याचदा तिथेच भरतात. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे, लहान गाडीला आणि नवख्या माणसाला माझ्या मते हा सगळ्यात सोयीचा. एकाच सत्रात तेच वळण इतक्यांदा येतं की मागच्या फेरीत काय चुकलं ते लक्षात असतं.

दुर्दैव बघा, रॅली ऑफ महाराष्ट्र आपल्या नाशिकला झालेली आहे, मातीवरच्या शर्यतींना गर्दी लोटते, पण डांबरी सर्किटवरची शाळा म्हटलं की बहुधा दक्षिणेचीच वाट धरायची.

विंचुरी दळवी

मी जाऊन आले आहे, बाईमाणूस म्हणून सूटबद्दल लिहिते.

जाळीचं जॅकेट चालणार नाही. एकसंध लेदर सूट, किंवा कमरेला पूर्ण चेनने जोडला जाणारा दोन तुकड्यांचा. शिवाय फुल फेस हेल्मेट, मनगट झाकणारे लांब ग्लव्ह्ज, घोट्याच्या वरपर्यंत बूट आणि पाठीचा प्रोटेक्टर. घसरताना जाळी काही क्षणांत फाटते आणि मग कातडी. सूट भाड्याने मिळतात, पण बहुतेक पुरुषांच्या मापाचे. खांद्यात बसला तर कमरेत अडकतो, कमरेत बसला तर गुडघ्याचं कवच नडगीवर उतरतं, आणि सैल कवच पडताना जागेवर राहत नाही. नोंदणी करतानाच उंची, छाती, कंबर, मांडी सगळी मापं कळवून ठेवा आणि आदल्या दिवशी घालून बघायला मागा. सूट घालून उभं राहिल्यावर घट्टच वाटतो, तो गाडीवर वाकून बसण्यासाठी शिवलेला असतो. आत घामाची पातळ इनर हवी, नाहीतर दुपारी चिकटलेला सूट काढायला दोन माणसं लागतात.

पाणी पीत राहा, ओआरएस जवळ ठेवा. जानेवारीत आपल्याकडे द्राक्षांना शेकोट्या कराव्या लागतात म्हणून तिकडेही गारवा असेल असं समजू नका. आणि जेवणानंतरच्या सत्रात दमल्यासारखं वाटलं तर सरळ सोडून द्या, कुणी काही म्हणत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कठड्यापलीकडे, टायर घातलेत हो, नवेच आहेत. हळूही चालवते.

सूटची मापं नोंदणीच्या वेळीच कळवायची हे मला सुचलंच नसतं. कोइंबतूरचा विचार पक्का होतो आहे. आता गाडीची तयारी आणि विमा, या दोन्हीबद्दल कुणी लिहील का?

पॉलिसीवाला

विमा: गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणीसाठी केलेला वापर वगळलेला असतो. तुम्ही त्याला शाळा म्हणा, ट्रॅकवर गाडी मोडली तर दुरुस्ती स्वतःच्या खिशातून होईल असंच धरून चाला. आरोग्य विम्यात साहसी खेळांचं जे नेहमीचं कलम असतं ते व्यावसायिक खेळाडूंपुरतं आहे, हौशी माणसाला त्याचा अडथळा यायला नको. तरी तुमच्या पॉलिसीतलं वाक्य वाचा आणि कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं "हो मॅडम, कव्हर्ड आहे" दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. शाळा जो कागद सही करायला देते त्यात जोखीम तुमची असं लिहिलेलं असतं, तोही वाचून सही करा.

जुनी आरएक्स

गाडी: आरसे काढायचे, दिवे-इंडिकेटरवर टेप, नंबर प्लेट काढायची. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) काढून साधं पाणी भरायला सांगतात. कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागच्यांसाठी डांबराचा साबण होतो. आर १५ लिक्विड कूल्ड आहे, त्यामुळे हे तुम्हाला लागू. परत आल्यावर कूलंट पुन्हा भरायला विसरू नका. ब्रेक पॅड निम्म्याहून झिजले असतील तर नवे, ब्रेक ऑइल ताजं, चेनचा ढिलेपणा कंपनीने सांगितल्याइतका, कुठेही तेल गळत नाही ना ते बघा. तपासणीत गळती दिसली तर ट्रॅकवर सोडत नाहीत आणि पैसेही बहुधा परत मिळत नाहीत. टायरची हवा तिथले प्रशिक्षक सांगतील तशी, घरून ठरवून जाऊ नका.

गाडी न्यायचीच नसेल तर काही शाळा स्वतःच्या गाड्या देतात. पहिल्या वेळेला मी तोच मार्ग सुचवेन, पण त्यात एक गोम आहे: त्या गाडीवर शिकलेलं स्वतःच्या गाडीवर उतरवायला पुन्हा वेळ जातो.

विंचुरी दळवी

रेल्वेने न्यायची झाली तर नाशिकरोडच्या पार्सल ऑफिसमध्ये आधी जाऊन विचारा. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, आणि पॅकिंग नीट करून घ्या, फेअरिंगला (गाडीच्या बाहेरच्या प्लास्टिक आवरणाला) गोणपाटाखाली जुनी गोधडी. मंगला एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि शोरनूरला जाते, तिथून कोइंबतूर जवळ. गाडी तिच्यातून बुक होते का आणि कुठे उतरवता येते, ते तिकिटं काढण्याआधी पक्कं करा. पार्सल तुमच्याच गाडीत चढेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी दोन-तीन दिवस हाताशी ठेवले होते.

आईंना सांगा, तिथे अ‍ॅम्ब्युलन्स उभी केल्याशिवाय ट्रॅक सुरू करत नाहीत. आमच्या घरी याच एका वाक्यावर परवानगी मिळाली.

धागाकर्ती

हे वाक्य आज जेवताना वापरून बघते. अ‍ॅम्ब्युलन्स का लागते, असा उलट प्रश्न आला तर परत येईन इथे.