मदत हवी आहे: जावामध्ये मराठी अकारविल्हे

ऑफिसनंतर आईच्या पाककृतींच्या वहीसाठी स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर छोटं ॲप करतोय. जावा 21, डेटाबेस पोस्टग्रेस. बाकी सगळं छान जमलंय, अडलंय ते यादीच्या क्रमात. युनिकोडमध्ये (अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांच्या यादीत) 'ळ' लगेच 'ल'नंतर येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये 'केळ्याचं शिकरण' 'केशरी भात'च्या आधी लागतं. आई शब्दकोशाच्या क्रमाने शोधते, तिला ते सापडत नाही. तिची सवय बदलण्यापेक्षा कोड बदललेला बरा.

पोस्टग्रेसमध्येच आयसीयूचं (युनिकोडच्या लायब्ररीचं) मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे तयार नियम, लावावं, की जावात रूलबेस्ड कोलेटर या क्रम लावणाऱ्या क्लासला स्वतःचे नियम द्यावेत? यादीचं पेजिनेशन (पानापानांत विभागणी) डेटाबेसमधूनच होतं. 'क्ष', 'ज्ञ' शेवटी यायला हवेत. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.